सरकारी सेवा केली तर शिक्षणाचं कर्ज फिटतं का?

वऱ्हाडात कर्जमाफी म्हटलं की सातबाराच आठवतो. २०१७ ची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, दोन्ही माफ्या शेतीकर्जाच्या. त्यामुळे पोराच्या शैक्षणिक कर्जावर सही करताना अमरावती-अकोल्याकडचा बाप हमखास विचारतो, "पोरगं सरकारी दवाखान्यात लागलं त हेबी माफ होईन काय?"

नाही होत. बँकेचं कर्ज बँकेलाच फेडावं लागतं.

बॉन्ड वेगळा, कर्ज वेगळं

घोळ होतो तो बॉन्डमुळे. अकोल्यासारख्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस केलेल्याला शासनाची एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती टाळणाऱ्यासाठी एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख असा दंड ठरवला गेला. वर्षभराची सेवा पुरी झाली की हा बोजा उतरतो, पण तो शासनाचा. बँकेच्या खात्यातला एक रुपयाही त्याने कमी होत नाही. बंधपत्राच्या अटी प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे बदललेल्या आहेत, तेव्हा सिनियरच्या सांगण्यावर न जाता आपलंच बंधपत्र काढून वाचावं.

बॉन्डच्या सेवेत 'पूर्णवेळ' म्हणजे किती?

मेळघाटातलं प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांपुढे आणा: हरिसाल, सेमाडोह, हतरू. आदिवासी भागात साधारण २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र. तिथे नेमलेल्या डॉक्टरची नोकरी ओपीडीबरोबर संपत नाही. मुख्यालयी राहायचं, म्हणजे केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, १०८ ची गाडी पलीकडेच अडकली आणि बाळंतीण खाटेवर घालून आणली, तर त्या रात्री दार उघडणारं माणूस तिथे हवं. परतवाड्याहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारा डॉक्टर हजेरीपटावर पूर्णवेळ दिसेल, त्या बाळंतिणीला तो मिळणार नाही. मेळघाटात बालरोग आणि स्त्रीरोग तज्ज्ञ पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने पाठवले गेले. त्यांचा उपयोग झाला, पण गावाची ओळख व्हायला पंधरा दिवस पुरत नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे.

हजर झाल्याचा अहवाल, कार्यमुक्तीचा आदेश आणि सेवेचा दाखला हे तीन कागद जपून ठेवा. सेवा झाली हे कागदच सांगतात.

हप्ता कधी लागतो

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. नेमकं तेच वर्ष बॉन्डचं असतं. नेमणूक लांबली तर सवलतीचे महिने घरी बसूनच संपतात आणि व्याज मात्र चढत राहतं. इंटर्नशिप अभ्यासक्रमात धरली आहे का, हे शाखेत जाऊन लेखी विचारून घ्यावं.

अमेरिकेतली माफी कुणासाठी?

सेवेच्या बदल्यात खरीखुरी कर्जमाफी अमेरिकेत आहे, २००७ च्या कायद्याने आलेली. सरकारी किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० मासिक हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला सरासरी किमान ३० तास. दोन पात्र ठिकाणच्या अर्धवेळ नोकऱ्यांचे तास जोडता येतात, आणि हप्ते सलग असण्याची अट नाही. कॉलेजात तासिकांवर शिकवणाऱ्यांचा प्रत्येक क्रेडिट तास ३.३५ तास धरतात, म्हणजे ९ क्रेडिट शिकवले की ३० चा आकडा गाठला जातो.

पण ही माफी फक्त तिथल्या केंद्र सरकारने थेट दिलेल्या कर्जाला. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला ते कर्ज मिळतच नाही. अमरावतीच्या शाखेतून कर्ज काढून गेलेला मुलगा तिथल्या सरकारी इस्पितळात दहा वर्षं राबला, तरी इथला हप्ता चालूच राहतो.

मग इथे काय मिळतं?

पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर देशातल्या पात्र अभ्यासक्रमांसाठी केंद्राची व्याज सवलत आहे. हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, निवडक संस्थांमध्ये, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. दोन्हींसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसीलमध्ये प्रवेशाच्या दिवसांत गर्दी उसळते, म्हणून तो दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.