रायपूरचे भातवाण आणि संशोधनाची टिपणे

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातील भात बीजसंग्रहाचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात गोळा केलेल्या सुमारे १९ हजार नमुन्यांनी घातला. वाण कोणत्या गावचे, किती दिवसांत पिकते, सुगंधी आहे का, ही नोंद हरवल्यास बियाणे अनामिक ठरते. २००२ मध्ये सिंजेंटा कंपनीशी होऊ घातलेले सहकार्य जनविरोधामुळे बारगळले, तेव्हा या ठेव्याचे मोल देशभर चर्चिले गेले.

अशा नोंदींसाठी आता वननोट, ऑब्सिडियन यांसारखी टिपणांची ॲप उपलब्ध आहेत. प्रत्येक नमुन्याचे स्वतंत्र टिपण करून त्यास कायम क्रमांक द्यावा. गाव, हंगाम, सुगंध अशा खुणा जोडाव्यात. मग 'दुबराज' शोधताच त्या नावाच्या नोंदी व छायाचित्रे समोर येतात. अर्थात, 'डुबराज' असे लिहिलेली नोंद निसटते. म्हणून भरवसा क्रमांकावरच ठेवावा. चुकीची नोंद पुसू नये, दुरुस्ती तारखेसह खाली लिहावी. ऑब्सिडियन साध्या मजकुराच्या फायली संगणकावरच ठेवते. अन्य ॲपमधून नियमित प्रत काढावी लागते. ती प्रत संस्थेच्या ताब्यात हवी. संशोधक निवृत्त होतो, त्याच्या खाजगी खात्याचा परवलीचा शब्दही त्याच्यासोबतच जातो.