निकालपत्रावरचे सात दशांश

सीईटीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘किती पडले?’ मुलगी सांगते, ‘एक्क्याऐंशी.’ दहावीला ९२ टक्के मिळवलेल्या मुलीच्या तोंडून हा आकडा ऐकला की घरच्यांचे चेहरे उतरतात आणि वर्षभर ती काय करत होती, याची चौकशी सुरू होते. ही चौकशीच चुकीच्या पायावर उभी असते. दहावीचे ९२ म्हणजे १०० गुणांपैकी ९२. सीईटीचे ८१ हे पर्सेंटाइल, म्हणजे तिच्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर १०० मुलांपैकी ८१ जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी आहेत. प्रश्नपत्रिकेतलं तिला किती आलं, हे या आकड्यात कुठेच नाही. पेपर अवघड असेल तर २०० पैकी निम्मे गुण नसतानाही पर्सेंटाइल नव्वदीत जाऊ शकतं.

ही पद्धत आली ती गरजेपोटी. लाखो मुलांना एकाच वेळी संगणकासमोर बसवता येत नाही. म्हणून एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालतात आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. कितीही काळजी घेतली तरी एखादी सोपी निघते, एखादी घाम फोडते. अशा वेळी नुसत्या गुणांची तुलना अन्यायाची ठरेल. म्हणून प्रत्येक सत्राचं पर्सेंटाइल वेगळं काढतात. समजा, सत्रात २०,००० मुलं होती आणि १९,००० जणांचे गुण तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत, तर त्याचं पर्सेंटाइल ९५. सोप्या सत्रात त्यासाठी ११२ गुण लागतील, अवघड सत्रात कदाचित ९८ पुरतील. यामागचं गृहीतक असं, की मुलं सत्रांमध्ये कुठलाही क्रम न लावता विखुरलेली असल्यामुळे हुशारीचं मिश्रण सगळीकडे जवळपास सारखंच असतं. सत्र मोठं असेल तर हे गृहीतक बऱ्यापैकी टिकतं.

पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा, आणि ही रांग मध्यभागी दाटीवाटीची असते, टोकाला विरळ. समजा, सरासरी ८० गुण आहेत, प्रमाण विचलन २५ आणि गुणांचा पसारा घंटाकृती आहे. मग ८० वरून ९० गुणांवर गेलेलं मूल ५० पर्सेंटाइलवरून ६५ च्या पुढे उडी मारतं. तेच १० गुण १५० च्या पुढे वाढले, तर पर्सेंटाइल पाव अंकानेही वाढत नाही. म्हणून ‘गेल्या सराव परीक्षेपेक्षा पंधराने वाढलास, आता आणखी पंधराने वाढव’ हा हिशेब मुलावर लादू नये. त्या दोन पंधरांमागचे कष्ट सारखे नसतात.

पालकांना हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट पुढची. तिन्ही विषयांत ९०-९० पर्सेंटाइल असताना एकूण ९२ च्या आसपास येऊ शकतात, आणि तिन्हींत २०-२० असताना एकूण १७. निकालात घोळ झालेला नसतो. पर्सेंटाइलची सरासरी काढतच नाहीत. आधी गुणांची बेरीज होते, मग त्या बेरजेची जागा ठरते. गणितात पुढे असलेली बरीच मुलं रसायनशास्त्रात मागे पडतात. तिन्हींत टिकणारी थोडी असतात, म्हणून असं मूल एकूण रांगेत वर सरकतं.

जेईई मेनच्या बाबतीत आणखी एक दुखणं असतं. जानेवारीपेक्षा एप्रिलमध्ये गुण वाढले, तरी पर्सेंटाइल घटलं. मधल्या काळात बोर्डाची परीक्षा होते, अभ्यासक्रम पुरा होतो आणि बाकीची मुलंही तयार होऊन येतात. तुमचं मूल पुढे चाललं होतं, पण रांगही पुढे सरकत होती. त्याला ‘ढिला पडलास’ म्हणणं हे त्या महिन्यांत त्याने केलेल्या अभ्यासावर अन्याय करणं आहे. (दोन्हींतलं चांगलं पर्सेंटाइल गुणवत्ता यादीसाठी धरतात, एवढा दिलासा असतो.)

निकालपत्रावर पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत छापतात, त्यामुळे मोजमाप अतिशय अचूक वाटतं. पण हे आकडे आहेत ते मुलांची गर्दी एकाच जागी होऊ नये म्हणून. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे न येणाऱ्या प्रश्नांवरही मुलं टिचकी मारतात. चार पर्यायांच्या २० प्रश्नांवर डोळे झाकून टिचकी मारली, तर सरासरी ५ बरोबर येतात. पाचपैकी चार वेळा हा आकडा ३ ते ७ मध्ये पडेल, उरलेल्या वेळी त्याबाहेर. म्हणजे सारखंच येणाऱ्या दोघांत चार गुणांचा फरक निव्वळ नशिबाने पडू शकतो. गणिताच्या प्रश्नांना दोन-दोन गुण असल्यामुळे तिथे तो दुप्पट. गुणांची गर्दी असलेल्या मधल्या पट्ट्यात एवढ्याने हजारो जागांचा फरक पडतो. प्रवेशासाठी तो आकडा मोजलाच जाणार, त्याला इलाज नाही. पण शेजारच्या मुलाचे ८४ आणि आपल्याचे ८१, यावरून कुणाला विषय जास्त समजला हे ठरवायला विज्ञानाचा आधार नाही.

मुलाला काय आलं हे पाहायचं असेल, तर उत्तरतालिका आणि त्याने नोंदवलेली उत्तरं उघडावीत. सीईटी आणि जेईई दोन्हींच्या संकेतस्थळांवर ती मुलाच्या लॉगिनमधून मिळतात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्यालाच लिहू द्यावं: धडा झाला नव्हता, आकडेमोड चुकली, वेळ संपली की अंदाज केला. ही यादी त्याला पुढच्या प्रयत्नात उपयोगी पडेल. आक्षेप नोंदवण्याची मुदत संपण्याआधी हे सगळं डाउनलोड करून ठेवावं.