पुण्यांतील उपाहारगृहें : नांवांचें वय आणि पदार्थांचें वय

शहराचा इतिहास लिहितांना वाडे, सनदा, शिलालेख यांकडे अभ्यासकांचें लक्ष सहज जातें. त्या शहरांतील लोक घराबाहेर काय खात होते आणि कोण कोणाशेजारीं बसून खाऊं शकत होता, हा विषय मात्र बहुधा तळटीपेंत राहतो. प्रस्तुत लेखांत पुणें शहरांतील चहाचीं, मिसळीचीं व मिठाईचीं दुकानें यांचा या दृष्टीनें विचार करावयाचा आहे. निमित्त असें झालें कीं, अलीकडे पेठांतून जातांना 'पुरातन', 'पारंपरिक', 'अस्सल' अशीं विशेषणें फलकांवर पदोपदीं दिसूं लागलीं आहेत. एका दुकानाच्या दरपत्रकावर तर मिसळीस 'पेशवेकालीन' हें विशेषण लावलेलें आम्हीं वाचलें. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मिसळ उत्तम होती. विशेषणाविषयीं तसें म्हणवेना. मग कांहीं महिने आम्हीं, वयास व वैद्यांस मानवेल तेवढेंच, ठिकठिकाणीं बसून चाखलें आणि घरीं येऊन ग्रंथ उघडले. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडतों.

प्रथम पियुष. या नांवाचें पेय पुण्यांत व मुंबईंत दुग्धपदार्थांच्या दुकानांत मिळतें. श्रीखंड ताकांत घुसळून, त्यांत जायफळ, वेलदोडा घालून तें करतात. आतां पीयूष शब्दाचे अमरकोशांत दोन अर्थ सांगितले आहेत. एक अमृत, आणि दुसरा नुकत्याच व्यालेल्या गाईचें नवें दूध. या नव्या दुधास मराठींत चीक म्हणतात, व चिकांत दूध आणि गूळ घालून उकडलें म्हणजे खरवस होतो. ज्या दुकानांत खरवसाची वडी व पियुषाचा पेला शेजारीं शेजारीं मांडलेले असतात, तेथें कोशकाराचें पीयूष वडींत आहे आणि पेल्यांत केवळ त्याचें नांव आहे. यांत दुकानदाराचा दोष कांहींच नाहीं. अमृत हा अर्थ गृहीत धरून त्यानें आपल्या पेयाची स्तुति केली आहे, आणि तें पेय स्तुतीस पात्र आहे.

श्रीखंडाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. संस्कृत काव्यें वाचणाऱ्यास श्रीखंड म्हणजे चंदन हें सांगावयास नको. विरहिणीच्या अंगास लावावयाचें श्रीखंड पुरीबरोबर खाण्याचें नव्हे! मग दह्याच्या या पक्वान्नास संस्कृतांत काय म्हणत? वैद्यकग्रंथांत त्यास रसाला किंवा शिखरिणी म्हटलें आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत शिखरिणीची कृति आहे. दह्यांत साखर, मिरें, वेलदोडे इत्यादि मिसळून, तें शुभ्र वस्त्रावर हातानें घासून गाळावयाचें व कापराचा वास द्यावयाचा. भीमानें ती प्रथम केली अशी आख्यायिकाही परंपरेंत आहे. ज्यानें श्रीखंडाचा चक्का फडक्यांतून पुरणयंत्रांत जातांना पाहिला आहे त्यास हें वर्णन परकें वाटणार नाहीं. मिऱ्यांचा तिखटपणा गेला, केशर व जायफळ आलें, दही टांगून निथळण्याकडे अधिक लक्ष गेलें. पण वस्तूचा वंश स्पष्ट आहे.

नांव मात्र त्या वस्तूबरोबर आलें नाहीं. शिखरिणी या शब्दापासून मराठींत शिखरण व पुढें शिकरण झालें, आणि तें जाऊन बसलें कोठें, तर दुधांत कुसकरलेल्या केळ्यांवर. (शिखरिणी हें सतरा अक्षरांचें वृत्तही आहे; तें गोड आहे, परंतु त्याचा येथें संबंध नाहीं.) अशा रीतीनें जुन्या पदार्थास चंदनाचें नांव मिळालें आणि जुनें नांव दुसऱ्याच वाटींत गेलें. 'श्रीखंड' हा शब्द एखाद्या जुन्या पोथींत सांपडला म्हणून पंगतींत श्रीखंड वाढलें होतें असें म्हणतां येत नाहीं. तेथें बहुधा गंध उगाळलें होतें. आणि शिखरिणी सांपडली तर ती वाचून केळें आठवूं नये.

याच्या उलट प्रकार जिलबीचा. तिचें नांव परदेशी आहे. अरबी 'जुलाबिया' व फारसी 'जुल्बिया' हा शब्द मध्ययुगीन अरबी पाकग्रंथांत येतो, तेथून तो आपल्याकडे आला. परंतु परदेशी नांव म्हणून पदार्थ आपल्याकडे कालपरवां आला असें समजणेंही चुकीचें होईल. येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं जिलबीच्या इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. त्यांच्यासारख्या विद्वानानें कढईंतल्या वेटोळ्यांवर इतके श्रम घ्यावेत याचें कांहीं जणांस हंसूं येत असे. आम्हांस तो निबंध आदर्श वाटतो. जिनसूर या जैन ग्रंथकाराच्या, इ. स. १४५० च्या सुमाराच्या प्रियंकरनृपकथेंत मेजवानीच्या वर्णनांत जिलबी आहे. भावप्रकाशांत तीच कुंडलिनी या नांवानें येते, व आंबविलेलें पीठ छिद्राच्या भांड्यांतून तुपांत गोल गोल सोडून मग पाकांत बुडविण्याची कृति तेथें आहे. शिवकालाच्या सुमारास रघुनाथसूरीनें रचलेल्या भोजनकुतूहलांतही ती आहे. म्हणजे पंडितांनीं परक्या पाहुणीस संस्कृत नांव देऊन घरांत घेतलें, आणि लोकांनीं तिचें माहेरचेंच नांव चालू ठेविलें. शेवटीं लोकांचें नांव टिकलें.

आतां ज्या मिसळीवरून हा खटाटोप सुरू झाला ती घेऊं. मिसळ शब्द मिश्र या शब्दाच्या कुळांतील, म्हणून जुना आहे. कांहीं ठिकाणीं तिच्यांत पोहे घालतात, तेही जुने. संस्कृत पृथुक म्हणजे पोहे. सुदाम्याच्या पुरचुंडींतील तेच. परंतु तिच्यांत बटाटा आहे, व त्याचें नांवच पोर्तुगीजांकडून आलेलें आहे. शेजारचा पाव पोर्तुगीजांचा. पायांनीं पीठ मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ति कित्येक सुशिक्षितही सांगतात. ती सोडून द्यावी, रोटीस पोर्तुगीज भाषेंत तोच शब्द आहे. आणि ज्या लाल तर्रीवरून मिसळीची परीक्षा होते ती मिरची अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांनीं गोवा १५१० सालीं घेतला, त्यानंतरच्या काळांत ती आपल्या रानांत रुजली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास मानसोल्लास रचला. त्यांत राजाच्या भोजनाचें इतकें बारीक वर्णन आहे कीं वाचतांना भूक लागावी. पण तिखटपणासाठीं तेथें मरिच म्हणजे मिरेंच आहे. पुढें त्याच मरिचाच्या घरचें नांव मिरचीस मिळालें. येथेंही नवी वस्तु जुन्या नांवाखालीं आली, व आली ती इतकी घरची झाली कीं तिच्याशिवाय मराठी स्वयंपाक होत होता हें पटवून द्यावें लागतें. पेशव्यांच्या काळीं मिरची होती खरी. परंतु पाव, शेव, रस्सा असा मांडलेला दुकानाचा जिन्नस म्हणून मिसळीची कीर्ति विसाव्या शतकांतील उपाहारगृहांची आहे. शंभर वर्षांचें वय कांहीं लहान नव्हे. त्यावर आणखी शंभर वर्षें चढविण्याची गरज आम्हांस दिसत नाहीं.

मस्तानीविषयीं दोनच वाक्यें पुरेत. बाजीरावांची मस्तानी १७४० सालीं निवर्तली. बर्फाचें पहिलें जहाज अमेरिकेंतून कलकत्त्यास आलें तें १८३३ सालीं, आणि दाट दुधावर आईसक्रीमचा गोळा ठेवणारें पुण्याचें हें पेय त्यानंतर पुष्कळ काळानें झालेलें आहे. कँपांत पूर्व रस्त्यावरील कयानी बेकरीचीं (स्थापना १९५५) श्रूजबेरी बिस्किटें प्रसिद्ध आहेत. त्यांनीं इंग्लंडांतील एका गांवाचें नांव पुण्याचें करून टाकलें आहे.

येथवर पदार्थांचें झालें. परंतु ज्या घरांत ते मिळतात त्या घराचा इतिहास आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे. फलकावर 'उपाहारगृह' हा शब्द असतो; कित्येक ठिकाणीं तो 'उपहारगृह' असा लिहितात. उपाहार म्हणजे हलकें खाणें, उपहार म्हणजे भेटवस्तु. अशा घरांत आम्हीं आजवर पैसे दिल्याशिवाय कांहीं मिळालेलें पाहिलें नाहीं. तें असो.

जुन्या पुण्यांत परगांवच्या माणसाच्या जेवणाची सोय नात्यांतून, जातींतून किंवा धर्मकृत्यांतून होई. विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत. भोर घाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली, १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. बाहेरगांवचीं मुलें व चाकरमाने वाढले, तशा खाणावळी वाढल्या. पण त्याही बहुधा जातवार. हलवायाची मिठाई विकत घेऊन घरीं नेणें ही गोष्ट निराळी. दगडूशेठ हलवायांचें नांव तर गणपतीशीं कायमचें जोडलें गेलें. अनोळखी माणसाशेजारीं बसून, अनोळखी हातचें पाणी पिणें, येथें खरी अडचण होती.

ती किती मोठी होती हें १८९० च्या ऑक्टोबरांत दिसलें. पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें पुणेंवैभव पत्रांत प्रसिद्ध करविलीं आणि गांव पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, आणि १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. एका पेल्यापायीं हें! ज्या शहरांत हें घडलें त्याच शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर चहाचीं दुकानें कशीं उभीं राहिलीं, हा प्रश्न इतिहासकारानें विचारण्याजोगा आहे.

याचें एक उत्तर 'अमृततुल्य' या शब्दांत आहे असा आमचा तर्क आहे. समास तृतीया तत्पुरुष, अमृतानें तुल्य. पुढचें 'चहा' हें विशेष्य गळून विशेषणच दुकानाचें नांव झालें. सोन्या मारुति चौकांतील आद्य अमृततुल्य १९२४ चें मानतात. हा धंदा ज्यांनीं वाढविला तीं कुटुंबें राजस्थानांतून आलेलीं श्रीमाळी ब्राह्मणांचीं. पितळेचें लखलखीत पातेलें, गिऱ्हाइकासमोर खलांत कुटलेलें आलें व वेलदोडा, सर्व कृति उघड्यावर, आणि करणारा ब्राह्मण. ज्या पेठांत तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वीं चहावरून ग्रामण्य झालें, तेथें शंकेखोर गिऱ्हाइकास चहा पिण्यास याहून सोयीचें कारण कोणतें मिळणार? अमृताच्या नांवानें चहाची शुद्धि झाली.

दुसरें उत्तर इराण्यांचें. डेक्कन जिमखान्यावरील गुडलक कॅफे १९३५ चा. त्याच सालीं लक्ष्मी रस्त्यावर नानासाहेब सरपोतदारांनीं पूना गेस्ट हाउस काढलें. कँपांत दोराबजींचें दुकान १८७८ पासूनचें. इराण्याच्या संगमरवरी मेजावर कोण कोणाचा हें विचारण्याची रीति नव्हती. मालकाचाच धर्म निराळा, तेव्हां सोंवळ्याचा प्रश्न उंबरठ्याबाहेर राही. बायकांना मात्र तेथेंही बराच काळ पडद्याआडची 'फॅमिली रूम' दाखविली जाई.

आणि ज्यांस उंबरठाच ओलांडूं देत नसत त्यांचें काय? कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं गंगाराम कांबळे यांस चहाचें दुकान काढून दिलें व स्वतः तेथें थांबून चहा घेतला. छत्रपति १९२२ सालीं निवर्तले, म्हणजे ही गोष्ट त्यापूर्वींची. पुण्यांत १९२९ सालीं पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठीं सत्याग्रह झाला, त्याची हकीकत वर्तमानपत्रांत आहे. चहाच्या दुकानांबाहेर अस्पृश्य मानलेल्यांसाठीं निराळे कप ठेवण्याची चाल अनेक गांवीं होती. अखेर २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदांत दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांचा नांव घेऊन उल्लेख करावा लागला, आणि १९५५ सालीं अस्पृश्यतेविरुद्ध दंडाचा कायदा आला. राष्ट्राच्या मूलभूत ग्रंथांत चहाच्या दुकानास जागा मिळते, यावरून त्या बाकावर बसण्याची किंमत समजावी.

देवळाचा दरवाजा कधीं उघडला याची नोंद राहते. अमक्या पेठेंतील अमक्या दुकानानें निराळा कप कोणत्या सालीं उचलून टाकला, बायका पडद्याबाहेरच्या मेजावर कधीं बसूं लागल्या, याची नोंद दुकानदाराच्या व जुन्या गिऱ्हाइकांच्या स्मरणांत राहते. १९६१ च्या जुलैंत पानशेतच्या पुरांत नदीकाठच्या पेठा बुडाल्या, तेव्हां कागद गेले. आतां जुनीं दुकानें बंद होत आहेत व माणसें जात आहेत. यास्तव ज्या वाचकांस सवड आहे त्यांनीं आपल्या भागांतील जुन्या दुकानांत जाऊन जुनीं दरपत्रकें, परवाने, फलक व छायाचित्रें पाहावींत, त्यांच्या नकला घ्याव्यात, आणि विचारावें : पहिला मालक कोठून आला, पाणी कोण भरी, कप कोण विसळी, आंत कोण बसे व बाहेर कोण उभा राही. टिपणावर पेठ, गल्ली व साल अवश्य लिहावें. पदार्थाची कृति मागाहून विचारली तरी चालेल.