कौल मिळवावा, विकत घेऊ नये

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कोणती बातमी जावी, हे ठरविण्याचा अधिकार दीर्घकाळ संपादकाचा मानला गेला. तो वाचकाच्या हाती देण्याचा प्रयोग अमेरिकेत या शतकाच्या आरंभी झाला. १९९७ साली सुरू झालेल्या स्लॅशडॉटवर वाचक मजकूर सुचवीत, निवड मात्र संपादक करीत. २००४ साली निघालेल्या डिगने आणि २००५ सालच्या रेडिटने निवडही वाचकांच्या मतांवर सोपविली. सभासदाने एखाद्या लेखाचा दुवा द्यावा, इतरांनी अनुकूल वा प्रतिकूल मत नोंदवावे आणि ज्याला कौल अधिक, तो दुवा वर चढावा, अशी ही व्यवस्था.

जेथे कौल असतो, तेथे तो आपल्याकडे वळविण्याची धडपडही ओघानेच येते. एखाद्या अपरिचित संकेतस्थळाचा दुवा पहिल्या पानावर झळकला, की काही तासांत हजारो वाचक तेथे लोटत. ही गर्दी न पेलून लहान संकेतस्थळे बंद पडत. या प्रकाराला ‘स्लॅशडॉट परिणाम’ असे नावच पडले. पदरचा पैसा न खर्चता एवढी प्रसिद्धी मिळते म्हटल्यावर जाहिरातदारांचे लक्ष तिकडे न जाते तरच नवल! आपल्या संकेतस्थळाची माहिती लोकांना व्हावी, या इच्छेत गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो मार्गाचा.

२००७ साली अमेरिकन पत्रकार ॲनाली न्यूइट्झ यांनी मुद्दाम एक निरर्थक ब्लॉग काढला, मते पुरविण्याचा धंदा करणाऱ्यांना पैसे मोजले आणि तो डिगवर लोकप्रिय करून दाखविला. ‘वायर्ड’मध्ये त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. लोकमत म्हणून जे समोर येते, ते विकत घेतलेले असू शकते, हे त्यातून उघड झाले.

दहा-वीस खोट्या मतांनी असे काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सापडते. अशाच एका बातम्यांच्या संकेतस्थळावरील १,०१,२८१ अभिप्रायांवर हा प्रयोग झाला. त्यांतील काही अभिप्रायांना संशोधकांनी आरंभीच एक अनुकूल मत देऊन ठेवले. तेवढ्याने त्यांचे अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. उलट आरंभीच्या प्रतिकूल मताचा परिणाम पुढील वाचकांनी भरून काढला. म्हणजे अन्याय्य निंदा समाज दुरुस्त करतो. खोट्या स्तुतीला मात्र तो सहज बळी पडतो. विकत घेतलेले पहिले मत पुढच्या शंभर प्रामाणिक मतांना वळण लावते, ही खरी चिंतेची बाब होय.

या मोहातून मोठेही सुटलेले नाहीत. २०१२ साली ‘दि अटलांटिक’ आणि ‘बिझनेसवीक’ यांसारख्या प्रतिष्ठित नियतकालिकांच्या दुव्यांना रेडिटने काही काळ बंदी घातली. भडिमार वा लबाडी हे कारण त्यासाठी दिले गेले. रेडिटच्या संस्थापकांनीही प्रारंभी अनेक टोपणनावांनी स्वतःच दुवे टाकून पान भरल्याचे पुढे सांगितले. मग इतरांना नीती शिकविण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा आक्षेप वाजवी आहे. परंतु येथे नुकसान चालकांचे नसून वाचकांचे होते आणि वाचक ते फार काळ सोशीत नाहीत. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने नवी रचना आणून प्रकाशकांना आपला मजकूर आपोआप टाकण्याची मुभा दिली. संतप्त सभासदांनी पहिले पान रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकले आणि बहुसंख्य तेथून निघून गेले. २०१२ साली डिगची तुकड्यातुकड्यांनी विक्री झाली. प्रकाशकांना मोकळे रान मिळाले, पण ऐकणारेच उरले नाहीत!

आपल्याकडेही एखादा शिक्षक गावच्या इतिहासावर, एखादा विद्यार्थी गणितावर कष्टाने संकेतस्थळ उभारतो. त्याने या चावडीवर अवश्य जावे. पण प्रथम तेथला सभासद म्हणून जावे. आपला एक दुवा द्यायचा तर नऊ इतरांचे द्यावेत, असा संकेत रेडिटवर दीर्घकाळ सांगितला जाई. त्यातील आकड्यापेक्षा भावना महत्त्वाची. आपल्या विषयाची मंडळी कोठे जमतात ते पाहावे, त्यांचे नियम वाचावेत, मथळा सरळ द्यावा आणि हे काम आपले आहे, हे लपवू नये. कोणी चूक दाखविली तर ती सुधारावी. मित्रांना गोळा करून मते मात्र मागू नयेत. ते स्नेहाचे मत असते, मजकुराचे नव्हे.

एका दिवसात लोटलेली गर्दी दुसऱ्या दिवशी ओसरते. तिच्यातले चार वाचक पुन्हा येतात ते मतांची संख्या पाहून नव्हे, तर तेथे वाचण्याजोगे काही सापडले म्हणून. प्रसिद्धी फार तर दार उघडून देते. घरात पाहुण्याला बसवून घेण्याचे काम मजकुरालाच करावे लागते.