ऑनलाइन दुकान काढताय? आधी ठरवा, ते सांभाळणार कोण!

रमजानचा शेवटचा अशरा. ऑर्डरी धडाधड येण्याचे दिवस, आणि नेमकी तेव्हाच वेबसाइट बंद! बनवून देणारा भाचा नोकरीसाठी परगावी, त्याचा फोन लागत नाही, पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नाही. नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपूरसारख्या गावातून अत्तर, खजूर किंवा अबाया विकणाऱ्या कुटुंबावर ही वेळ आली, तर नुकसान मोठं. ईदसाठी भरलेला माल ईदनंतर कोण घेणार?

म्हणूनच सॉफ्टवेअर निवडताना "दिसायला कोणतं छान?" हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा की, बनवणारा निघून गेल्यावर घरातली भाभी किंवा कॉलेजातली मुलगी ते चालवू शकेल का?

तीन वाटा

पहिली वाट व्हॉट्सॲप बिझनेसची. ॲप फुकट आहे. त्यात मालाचे फोटो आणि भाव लावून कॅटलॉग करता येतो. देखभाल जवळपास शून्य. दिवसाला पाच-दहा ऑर्डरी असतील तर एवढं पुरतं. मात्र शिल्लक मालाचा हिशोब वहीतच ठेवावा लागतो.

दुसरी वाट शॉपिफायसारख्या भाड्याच्या दुकानाची. दर महिन्याला पैसे भरायचे. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट ही सगळी कटकट कंपनीची. भाडं थांबलं की दुकान बंद, हा त्यातला तोटा.

तिसरी वाट वर्डप्रेसवर चालणाऱ्या वूकॉमर्सची. हे सॉफ्टवेअर 2011 साली आलं आणि ते मोफत आहे. पण मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. होस्टिंगचे पैसे लागतात, आणि वर्डप्रेस, थीम, प्लगइन वेळोवेळी अपडेट करावे लागतात. प्लगइन जितके जास्त, तितकी बिघाडाची शक्यता जास्त. अपडेटआधी बॅकअप घेणारं माणूस घरात नसेल, तर या वाटेला न गेलेलं बरं.

मोठं नाव पाहून भुलू नका. मॅजेंटो हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीचा अधिकृत आधार 30 जून 2020 ला संपला. त्यानंतर दुकानदारांपुढे नव्यानं बांधणी करायची, नाहीतर धोका पत्करायचा, एवढंच उरलं. लहान दुकानाला असा खर्च झेपत नाही.

पैसे देण्याआधी हे पाहा

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर घ्या. बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं, तर उद्या दुकानाची पाटीच त्याच्या हातात. त्याच्या नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मालाची यादी एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये बाहेर काढता येते का, हे विचारा. शॉपिफाय आणि वूकॉमर्स, दोन्हींत ती सोय आहे. उद्या जागा बदलायची झाली, तर फाइल हाताशी हवी.

नवा माल चढवणं, भाव बदलणं, ऑर्डर रद्द करणं ही तीन कामं बनवणाऱ्यासमोर स्वतः करून पाहा. मोबाइलवरून जमली, तरच सौदा पक्का करा.

जीएसटीचंही ध्यानात असू द्या. स्वतःच्या वेबसाइटवरून महाराष्ट्रातच माल विकत असाल, तर साधारणपणे वार्षिक 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. नदीपलीकडचा सोलापूर जिल्हा राज्यातच आला. पण विजापूर किंवा हैदराबादला माल पाठवायचा, तर हस्तकलेसारख्या काही सवलती सोडल्यास नोंदणी घ्यावी लागते. खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआयची नोंदणी वेगळी.

अमानत सांभाळा

ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर ही आपल्याकडची अमानत आहे. अपडेट न केलेल्या वेबसाइटवरून ती चोरीला जाऊ शकते. ज्या नबींना (स.) लोक 'अल-अमीन' म्हणून ओळखत, त्यांच्या उम्मतीच्या दुकानात ही ढिलाई शोभत नाही.

सूरह बकरामधील 282 वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. तीच सवय इथंही लावा. डोमेन कुठून घेतलं, होस्टिंग कुणाचं, पासवर्ड काय, बॅकअप कुठे, हे सगळं एका वहीत लिहा आणि वही कपाटात कुलपात ठेवा. घरातल्या दोघांना तरी ती माहीत हवी.

सुरुवात लहान करा. आधी कॅटलॉग, ऑर्डरी वाढल्या की भाड्याचं दुकान, आणि सांभाळणारं माणूस तयार झालं तरच स्वतःचं.