चक्रम चौकटींचा दिलासा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोकोनिनो नावाचा वाळवंटी मुलूख आहे. तिथे एक मांजर एका उंदरावर जीव ओवाळून टाकतं. उंदराला ते डोळ्यांसमोर नको असतं. संधी मिळाली की तो त्याच्या डोक्यात वीट घालतो. मांजराला ती वीट म्हणजे प्रेमाची पोच वाटते. गावचा पोलीस एक कुत्रा आहे. तो मांजरावर भाळलेला, म्हणून उंदराला सारखा तुरुंगात टाकतो. ‘क्रेझी कॅट’ या चित्रमालिकेची गोष्ट एवढीच. जॉर्ज हेरिमन यांनी ती १९१३ पासून १९४४ साली त्यांचं निधन होईपर्यंत काढली. या तीन दशकांत ना उंदराचं मत बदललं, ना मांजराचं.

पात्रं बोलत उभी असतात आणि मागचा डोंगर पुढच्या चौकटीत झाड होऊन जातो, दिवसाची रात्र होते. कुणीही त्याची दखल घेत नाही. या मालिकेला वाचक फार मोठ्या संख्येने कधीच मिळाले नाहीत. वृत्तपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना ती मनापासून आवडायची, म्हणून ती टिकली. समीक्षक गिल्बर्ट सेल्डिस यांनी मात्र १९२४ सालीच आपल्या पुस्तकात तिला त्या काळच्या अमेरिकी कलेत अगदी वरची जागा दिली होती. हेरिमन गेल्यावर ती दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवली गेली नाही, तिथेच थांबली.

या गोष्टीतून बोध निघत नाही, अन्यायाचं परिमार्जन होत नाही, शेवटही होत नाही. तरीही मन खचलेलं असताना तिची चार पानं वाचली की हलकं वाटतं. असं का होत असावं? चित्रमालिकांच्या शंभरेक वर्षांच्या प्रवासात हा प्रश्न घेऊन हिंडलं की त्याचं उत्तर हळूहळू हाती लागतं.

खचलेल्या मनाचा तर्क

खचलेल्या मनाची एक खोड असते. ते फार काटेकोर तर्क करतं. मैत्रिणीने फोन उचलला नाही, म्हणजे ती रागावली. रागावली, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं. नेहमी आपलंच चुकतं, म्हणजे आपण कुणालाच नकोसे आहोत. एकातून दुसरा निष्कर्ष निघत जातो आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा काळा असतो. समजूत घालणारा माणूस याच साखळीत उतरून प्रतिवाद करतो आणि बहुतेक वेळा हरतो, कारण खिन्न मनाकडे पुरावे तयार असतात.

चक्रम विनोद वाद घालतच नाही. डोक्यात बसलेल्या विटेचा अर्थ ‘प्रेम’ असाही लागू शकतो, एवढंच तो दाखवतो आणि पुढे जातो. प्रत्येक घटनेला एकच अर्थ असतो आणि तो आपल्या विरुद्धच जातो, ही सक्ती तेवढ्यापुरती उठते. विसंगत विनोदाचा खरा उपकार मला यात दिसतो. दुःख खोटं आहे असं तो म्हणत नाही, दुःखाने बसवलेल्या तर्काची पकड मात्र सैल करतो.

मानसशास्त्राने या प्रांतात बरीच उठाठेव केली आहे, आणि गंमत म्हणजे तिच्या केंद्रस्थानी पुष्कळदा हास्यचित्रंच आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना व्यंगचित्रं दाखवली गेली. काही चित्रं विनोदी होती, तर काही त्याच धाटणीची, पण ज्या तपशिलामुळे हसू येतं तो काढून टाकलेली. विनोदी चित्रं पाहताना मेंदूतली समाधान आणि बक्षिसाशी निगडित केंद्रं अधिक जागी झालेली दिसली. तो एक विचित्र तपशील असण्या-नसण्याने एवढा फरक पडत होता.

दुसरा प्रयोग याहून प्रसिद्ध आहे. १९८८ साली फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी काही जणांना पेन दातांत, तर काहींना ओठांत धरायला सांगून गॅरी लार्सन यांची हास्यचित्रं दाखवली. दातांत पेन धरलं की चेहऱ्यावर नकळत हसू उमटतं. त्या गटाला चित्रं जास्त विनोदी वाटली, असा निष्कर्ष निघाला आणि तो पुढे पाठ्यपुस्तकांतही गेला. २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. या साऱ्या वादात प्रश्नचिन्ह लागलं ते मुख्यतः पेनावर. माणसांना हसवायला मात्र दोन्ही वेळा लार्सन यांचीच चित्रं निवडली गेली.

गायीची अवजारं

लार्सन यांची ‘द फार साइड’ १९८० च्या तोंडावर सुरू झाली आणि १५ वर्षांनी, १ जानेवारी १९९५ रोजी त्यांनी ती स्वतःहून थांबवली. एक चौकट, खाली एक ओळ. त्यात गायी, कोंबड्या, आदिमानव, जाड चष्म्याचे शास्त्रज्ञ. माणूस जसा प्राण्यांकडे पाहतो तसेच प्राणी माणसाकडे पाहताहेत, एवढी एक कल्पना त्यांनी शेकडो वेळा उलटीपालटी केली.

१९८२ साली त्यांनी एक गाय काढली. ती टेबलामागे उभी आहे आणि टेबलावर तिने बनवलेली चार ओबडधोबड अवजारं मांडलेली आहेत. खाली शीर्षक, ‘गायीची अवजारं’. एक वस्तू करवतीसारखी दिसत होती, म्हणून उरलेल्या तिन्हींचाही काहीतरी उपयोग असणार असं वाचकांनी धरलं आणि ते डोकं खाजवत बसले. वृत्तपत्रांकडे इतकी विचारणा झाली की लार्सन यांना निवेदन काढून खुलासा करावा लागला. गायीने अवजारं बनवली तर ती फारशी सुबक होणार नाहीत, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आज ते चित्र त्यांच्या सर्वांत लाडक्या चित्रांपैकी एक आहे. त्या दिवशी कितीतरी माणसं आपापली कामं बाजूला ठेवून गायीच्या हत्याराचा अर्थ शोधत होती. चिंतेच्या फेऱ्यात अडकलेल्या मनाला याहून निरुपद्रवी काम कोणतं देता येईल?

त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात एक आदिमानव वर्ग घेतो आहे. स्टेगोसॉरस या डायनासोरच्या शेपटीवरच्या काट्यांना तो ‘थॅगोमायझर’ म्हणतो, कारण त्या काट्यांनी थॅग नावाच्या गृहस्थाचा जीव घेतला. त्या अवयवाला तोवर रूढ नाव नव्हतं. १९९३ साली केनेथ कार्पेंटर या जीवाश्मशास्त्रज्ञाने हेच नाव वापरलं आणि पुढे अभ्यासकांत ते रुळलं.

खिन्नतेच्या शेजारी

विसंगत विनोद आणि उदासी यांचं घर किती जवळजवळ असतं, हे पाहायचं तर चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’कडे जावं. २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झालेली ही मालिका त्यांनी जवळजवळ ५० वर्षं एकहाती काढली. चार्ली ब्राऊन हा तिचा नायक जवळपास कायम हरतो. त्याचा संघ हरतो, त्याचा पतंग झाडात अडकतो, आवडत्या मुलीशी बोलायचं धाडस त्याला होत नाही. या हरण्याला शुल्झ यांनी कधी खोटं औषध लावलं नाही. त्याऐवजी त्यांनी शेजारी स्नूपी नावाचा कुत्रा ठेवला. १९६५ पासून तो आपल्या लाकडी घराच्या छपरावर बसून पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकाशी हवाई लढाया करू लागला. त्या एवढ्याशा घरात बिलियर्डचं टेबल आणि व्हॅन गॉगचं चित्रही असल्याचं आपल्याला कळतं. मुलाचं दुःख तसंच राहतं, पण त्याच अंगणात एक जीव त्या दुःखाच्या नियमांना बांधलेला नाही, हे वाचकाला दिसत राहतं.

बिल वॉटरसन यांच्या ‘कॅल्विन अँड हॉब्स’मध्ये (१९८५ ते १९९५) सहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा वाघ एक खेळ खेळतात. त्याचे नियम खेळता खेळताच ठरतात, आणि तोच खेळ तसाच दुसऱ्यांदा खेळायचा नाही हा एकच नियम कायम असतो. गुण कसेही मिळतात, म्हणून हरण्यालाही काही अर्थ उरत नाही. मार्कांच्या शर्यतीत वाढलेल्या कुठल्याही मुलाला यातली मोकळीक सांगावी लागत नाही.

जपानचे फुजियो आकात्सुका तर विनोदी ‘मांगा’चे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, राजे म्हणून ओळखले जातात. त्यांचा जन्म १९३५ साली मंचूरियात झाला आणि युद्ध संपल्यावर हाल सोसत त्यांचं कुटुंब जपानला परतलं. १९६७ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘तेन्साई बाकाबोन’मधला बाप कमालीचा वेडपट आहे. कितीही गोंधळ झाला तरी शेवटी तो जाहीर करतो की हे असंच ठीक आहे. आकात्सुकांनी पानाच्या नियमांशीही असेच खेळ केले. २००८ साली त्यांच्या अंत्यविधीत तामोरी या नामवंत विनोदी कलाकाराने हातात कागद धरून दीर्घ भाषण केलं. ते कागद कोरे होते, हे नंतर लोकांच्या ध्यानात आलं. त्या भाषणात तामोरी म्हणाले की सगळं घडतं तसं स्वीकारणं, हेच आकात्सुकांचं तत्त्वज्ञान त्या बापाच्या वाक्यात आहे. युद्धाची झळ सोसलेल्या आकात्सुकांनी हे म्हणावं, याला वजन आहे.

आपल्या अंगणात

भारतात या परंपरेचं मूळ शोधायचं तर कोलकात्याला जावं लागतं. सुकुमार राय विज्ञानाचे पदवीधर होते, छपाईचं तंत्र शिकायला इंग्लंडला गेलेले. ‘संदेश’ मासिकासाठी त्यांनी निरर्थ कविता लिहिल्या आणि चित्रंही स्वतःच काढली. बदक आणि साळिंदर एकत्र होऊन बनलेला त्यांचा प्राणी बंगाली घराघरांत ओळखीचा आहे. या कवितांच्या ‘आबोल ताबोल’ या संग्रहाची जुळणी त्यांनी काळ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले असताना केली. सप्टेंबर १९२३ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी ते गेले आणि पुस्तक त्यानंतर काही दिवसांनी बाहेर आलं. मरण समोर असताना माणूस हे हसू घडवत होता, हे कळल्यावर चक्रमपणाला पळवाट म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच शहराच्या परिसरात पुढे नारायण देबनाथ यांनी ‘बांटुल द ग्रेट’ काढला. त्याच्या छातीवर आदळून बंदुकीच्या गोळ्या परत फिरायच्या.

मुंबईत १९८० साली अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘टिंकल’ निघालं आणि थोड्याच काळात त्यात सुपंडी आला. हे पात्र तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून जन्मलं आणि राम वाईरकर यांनी त्याला निमुळतं डोकं, हसरा चेहरा दिला. सुपंडी मालकाचा प्रत्येक हुकूम शब्दशः पाळतो आणि म्हणूनच घोटाळा करतो. कामावरून काढून टाकलं तरी पुढच्या गोष्टीत तो नव्या उमेदीने नव्या दारात उभा. ‘टिंकल’मधल्याच शिकारी शंभूला वसंत हळबे यांनी डोळ्यांवर उतरलेली टोपी दिली. तो भित्रा शिकारी पळता पळता विजयी होतो. चुकलं तर सगळं संपलं असं वाटण्याच्या वयात या दोघांनी लाखो मुलांना दिलेला धीर मोठा आहे.

मराठीत ही परंपरा प्रामुख्याने दिवाळी अंकांनी सांभाळली. शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांनी १९५२ साली ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठासाठी एक तरुण आणि एक तरुणी काढली. कपड्यांच्या नक्षीत एकाकडे मांजरं, दुसरीकडे उंदीर, आणि त्या छापील प्राण्यांतच नाट्य रंगलेलं. शब्द एकही नाही. फडणीसांच्या चित्रांत कुणाची टिंगल नसते. वस्तूच आपला स्वभाव विसरतात आणि माणसं त्याकडे अगदी शांतपणे पाहतात. त्यांनी शालेय गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रं काढली, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या विषयाच्या नावाने मुलांच्या पोटात गोळा येतो, तिथेच त्यांनी हसू नेऊन ठेवलं. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ या दिवाळी अंकातली खिडकीचित्रंही याच कुळातली. बाहेरचं चित्र पाहून मन एक अंदाज बांधतं आणि खिडकी उघडली की तो अंदाज पार कोसळतो. दैनिकांत १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने सकाळच्या चहाबरोबर चार चौकटी वाचायची सवय मराठी घरांना लावली.

वेडेपणाची शिस्त

या सगळ्या कलावंतांत एक समान धागा आहे. त्यांचा वेडेपणा कमालीचा शिस्तीचा आहे. अमेरिकेचे रूब गोल्डबर्ग अभियांत्रिकी शिकलेले होते. साध्या कामासाठी पोपट, दोऱ्या आणि बादल्या लावून त्यांनी रचलेल्या यंत्रांत प्रत्येक कडी पुढच्या कडीला नेमकी ढकलते. कोकोनिनोत डोंगर बदलतो, पण वीट चुकत नाही. जगाचे नियम मोडून त्या जागी दुसरे नियम प्रामाणिकपणे पाळले, तरच वाचक निर्धास्तपणे आत शिरतो. नुसता गोंधळ घातला तर मन दमतं, आणि दमलेलं मन आधीच घेऊन आलेल्या वाचकाला त्याचा उपयोग नाही.

दुसरी अट माणुसकीची आहे. कुणाची जात, रंग, शरीर किंवा गरिबी यांवर बेतलेला विनोद हसवतो, पण तो वाचकाला पुन्हा त्याच उतरंडीत बसवतो जिथे कुणी वर आणि कुणी खाली असतं. हरलेल्या माणसाला नेमकी तीच उतरंड टोचत असते. सुपंडीवर आपण हसतो तेव्हा मालकाच्या हुकमातला पोकळपणाही उघडा पडतो. मांजराला वीट बसते तेव्हा त्याच्या प्रेमापुढे विटेचंच काही चालत नाही. अशा हसण्यात कुणीही लहान होत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नैराश्य हा आजार आहे. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा हरवत असेल तर डॉक्टरांकडेच जायला हवं. चार चौकटी म्हणजे उपचार नव्हेत. पण आजार आणि आनंद यांच्यामध्ये रोजच्या जगण्याचा मोठा पट्टा असतो. परीक्षेची भीती, निवृत्तीनंतरचा रिकामा दिवस, दवाखान्याच्या बाकावर निकालाची वाट पाहणं हे सगळं त्या पट्ट्यात येतं, आणि तिथे पुष्कळदा माणसाच्या हाताशी मोबाइलवरच्या बातम्यांखेरीज काहीच नसतं.

म्हणून मराठी संपादकांकडे एक आग्रहाची मागणी आहे. राजकीय व्यंगचित्र आपल्याकडे जोमात आहे आणि ते असायलाच हवं; पण कुणावरही न रागावणाऱ्या, नुसत्या वेड्या कल्पनेच्या चित्रमालिकेला पानं कमी पडत चालली आहेत. नव्या चित्रकारांना वर्षातून एकदा नव्हे तर दर आठवड्याला जागा आणि रास्त मानधन द्यावं. हेरिमन यांची मालिका तीस वर्षं जगली ती एका मालकाने वाचकसंख्येचा हिशेब बाजूला ठेवला म्हणून. शाळांनी आणि ग्रंथालयांनी फडणीस, सुकुमार राय, ‘टिंकल’ यांना पाठ्यपुस्तकांइतकंच मानाने कपाटात लावावं, आणि दवाखान्यांनी ते प्रतीक्षालयात ठेवावेत. माणसाला शहाणं करणारी पुस्तकं आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली. आपल्याच शहाणपणाच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला दहा मिनिटं मोकळं करणारी पुस्तकंही तितक्याच निष्ठेने जपायला हवीत.