बटण नाही, पिन काढा!

सकाळचे साडेसहा. साडेसातच्या एसटीने कॉलेज गाठायचं, त्याआधी गाईंना वैरण टाकायची. मी कुट्टी मशीन लावलं. मक्याच्या दोन पेंढ्या गेल्या, तिसरी अडकली. मशीन घुरघुरलं आणि तेवढ्यात लाईट गेली. म्हटलं, बरंच झालं! बंदच आहे, तर अडकलेली ताटं ओढून काढू. हात तोंडाशी नेला आणि मागून आई ओरडली, "आधी पिन काढ!" वैतागून पिन काढली. मिनिटभरात ओट्यावरचा बल्ब लागला. लाईट आली होती आणि मशीनचं बटण चालूच होतं.

त्या दिवशी एसटी चुकली. पण हात वाचला.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला कुट्टी मशीन नवं नाही. राहुरी, राहाता, संगमनेर, कोपरगाव... जिथे दूध, तिथे गोठा आणि गोठ्यात कुट्टी. मका, घास, कडबा, उसाचं वाढं, सगळं त्यातूनच जातं. सकाळ-संध्याकाळचं हे काम बऱ्याच घरांत कॉलेजच्या पोरापोरींकडे असतं. म्हणून हा विषय फक्त शेतीच्या पानावरचा नाही, आपलाही आहे.

मशीनचं काम सोपं आहे. रूळ चारा आत ओढतात आणि जड चाकावर बसवलेली पाती तो कापतात. मका कुठला आणि मनगट कुठलं, हे रुळांना कळत नाही. पकडलं की ओढायचं, एवढंच त्यांचं काम! शिवाय बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही, थोडा वेळ फिरतच राहतं. त्यामुळे चारा अडकला की क्रम पक्का ठेवा. बऱ्याच मशीनला रूळ उलटे फिरवणारा दांडा असतो, आधी तो वापरा. तरी निघालं नाही तर बटण बंद, मग पिन बाहेर, मग चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबा. त्यानंतरही हात नको, काठीने काढा.

ओढणी खोचलेली, केस बांधलेले, बाही आवळलेली हवी. हातात बांगडी किंवा कडं नको. आणि इअरफोन? ते तर नकोच. आईची हाक मला ऐकू आली, कारण त्या दिवशी कानात गाणं नव्हतं. पट्ट्यावरचं नि चाकावरचं झाकण 'सारखं काढावं लागतं' म्हणून कोपऱ्यात पडलेलं असेल, तर आजच बसवा.

दुसरा धोका शॉकचा. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर साधारण १० अँपिअर करंट घेते, सुरू होताना त्याच्या काही पट. घरातली बारीक एक्स्टेन्शन वायर त्याने तापते. गोठ्याची जमीन ओली असते, त्यामुळे अर्थिंग हवंच. 'एमसीबी आहे की!' असं आपण म्हणतो. पण एमसीबी मुख्यतः वायरिंग वाचवतो, माणूस नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. करंट गळायला लागला की तो क्षणात लाईन तोडतो.

तरीही बोट तुटलंच तर? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी मरतात. हळद, चुना काहीही लावू नका. बोट जोडता येतं, पण जितका उशीर, तितकी शक्यता कमी.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाताने एक हात निकामी झाला तर १ लाख रुपये मिळतात. अडचणीत त्याचा आधार आहेच. पण १ लाखात हात येत नाही.

घरी गोठा नसला म्हणून सुटका नाही बरं का! एनएसएसच्या शिबिरात किंवा कॉलेजच्या बागेत विजेचा ग्रास कटर, कुंपण छाटायचं मशीन कधी ना कधी हातात येतंच. नियम तेच. ओल्या गवतावर चालवायचं नाही, वायर खांद्यावरून मागे सोडायची आणि पात्यात गवत गुंतलं की आधी पिन काढायची.

मी आता नगरला राहते. कुट्टीचं काम अकरावीतल्या भावाकडे आलंय. सुट्टीला घरी गेले की पहिल्यांदा गोठ्यातल्या बोर्डाकडे बघते. पिन खिळ्याला टांगलेली असते.